पहिल्या रांगेतलं हसू

माझी आई जाऊन सात महिने झाले होते, आणि ती प्रमिला केरकरच्या विनोदाला हसत होती.

दुपारचे तीन वाजले असतील. भांडुपला एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात आमचा सेट होता. तिथल्या जुन्या कँटीनच्या खिडक्यांना काळे पडदे लावून मधोमध टीव्ही ठेवला होता आणि आम्ही दहा-बारा जण त्याच्यासमोर बसलो होतो. 'भागाक्काचं पोळी-भाजी केंद्र' या नव्या मालिकेचा पहिला भाग आमचा दिग्दर्शक रवी उकिडवे सगळ्यांना दाखवत होता. मी मुद्दाम सगळ्यात मागची खुर्ची धरली होती. तोंड कसंही झालं तरी कुणाला दिसायला नको, एवढाच हेतू.

पडद्यावर प्रमिला, म्हणजे भागाक्का, पदर खोचून पोळ्या लाटत होती. एक गृहस्थ येतात आणि दोन पोळ्या मागतात. ती मान वर न करता म्हणते, "दोनच? काल चार होत्या. वहिनी माहेरी गेल्या, की शुद्धीवर आल्या?" लगेच मागून हशा. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत असतो तसाच, साठ माणसांचा. पण त्या साठांत एक हसू वेगळं होतं. आधी नाकात दाबून धरलेलं, मग एकदम फुटलेलं, मग एक उचकी, आणि उचकीनंतर अगदी हळू, "अगं बाई."

माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. पुढची दोन-तीन मिनिटं पडद्यावर काय चाललं होतं ते मला आजही सांगता यायचं नाही. मग भागाक्काचं आणखी एक वाक्य आलं, पुन्हा हशा, पुन्हा ती उचकी. दिवे लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रमिला मागे वळून माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणते याची वाट बघत होती बिचारी. मी म्हटलं, "छान झालंय गं," आणि ओल्या साडीनिशी बाहेर पडले.

मी शरयू देवस्थळी. नाव आठवणार नाही तुम्हाला, पण 'सौ. इनामदार' म्हटलं की पन्नाशीच्या पुढची माणसं अजून भाजीबाजारात थांबवतात मला. या सगळ्याला आता तेवीस-चोवीस वर्षं झाली. 'सौ. इनामदार घरी आहेत?' ही मालिका दर गुरुवारी रात्री साडेआठला लागायची आणि त्या अर्ध्या तासात लोक फोनसुद्धा उचलत नसत, असं म्हणत. लोक म्हणत, मी कशाला नाही म्हणू?

पहिले तेरा भाग आम्ही खऱ्या प्रेक्षकांसमोर केले. साठ लोखंडी खुर्च्या, समोर इनामदारांचं घर, आणि पहिल्या दोन रांगांच्या डोक्यावर हशा पकडायला टांगलेले माईक. पुढे उकिडवे कंटाळला. कुणी खोकायचं, कुणाचं पोर रडायचं, कुणी विनोदाच्या आधीच हसायचं. म्हणून चौदाव्या भागापासून प्रेक्षक बंद झाले आणि तेरा भागांत साठवलेलंच हसू आमचा ध्वनिमुद्रक इक्बाल मुकादम हवं तिथं लावू लागला. लोणचं बरणीत घालावं तसं ते हसू त्याच्या टेपांमध्ये भरलेलं होतं.

पहिल्या रांगेतली डावीकडून तिसरी खुर्ची माझ्या आईची. तेराच्या तेरा भागांना ती डोंबिवलीहून माझ्याबरोबर आली होती.

तिला आणायचं कारण मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. माझं पाठांतर कच्चं. शाळेपासून कच्चं. नाटकात पंधरा वर्षं काढली ती केवळ आईच्या जिवावर. डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात ती मेथी निवडायची, सीनचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मिसळणाचा डबा ठेवायची, आणि माझ्याकडून वाक्यं घोटून घ्यायची. नवऱ्याचं काम ती करायची, शेजाऱ्याचं ती करायची, दाराची बेलसुद्धा तीच वाजवायची. दहादा, पंधरादा, वाक्य माझ्या जिभेवर बसेपर्यंत. आणि ते सगळं अगदी सपाट आवाजात, किराणा मालाची यादी वाचल्यासारखं. शूटिंगहून परत आल्यावर मी विचारायची, कसं झालं? ती म्हणायची, तिसऱ्या सीनला 'मग'च्या जागी 'आणि' म्हणालीस. बस्स. तेवढंच माझं कौतुक.

आणि प्रमिलाचं? ते ऐका.

चौथ्या भागात इनामदारांकडे पोळ्या करायला एक बाई हवी होती. तीन वाक्यांचं काम. कुडाळकडची प्रमिला आली ती पिशवीत स्वतःचं लाटणं घेऊन आली. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, गालावर खळी, आणि सेटवर खरोखरच्या पोळ्या करायची. चार वाजेपर्यंत त्यातली एक शिल्लक राहायची नाही. कागदावरचं वाक्य मात्र ती कधी जसंच्या तसं म्हणायची नाही. तिच्या मनात आलं, भागाक्का पोळ्यांच्या आकड्यावरून घराची कुंडली मांडते. सहाच्या चार झाल्या, कोण रुसलं? चाराच्या आठ झाल्या, कोण येणार? पाचव्या भागात मी स्वयंपाकघरात डाव घेऊन उभी, आणि ही माझ्याकडे बघून म्हणते, "चौघांचं घर, पोळ्या तिघांच्या. चौथा उपाशी राहतो, की तुमच्या हातची भाजी खाऊन शहाणा झालाय?"

कागदावर त्यातलं एक अक्षर नव्हतं. लोक इतके हसले, इतके हसले, की मला डाव कुठल्या हातात धरू ते कळेना. दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं म्हणतात ना, ते उगाच म्हणत नाहीत. खरोखरच दुखतं. बेंबीच्या वर, जरा डावीकडे.

त्या दिवशी लोकलमध्ये बसल्या बसल्या आई म्हणाली, "ते वाक्य कागदात नव्हतं. कुठून आणलं असेल गं तिनं? केवढी गोड करते ती मुलगी." डोंबिवली येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

मग मी काय केलं ते सांगते, लपवून ठेवायला आता काय राहिलंय? प्रेक्षक बंद झाल्यावर विनोदाच्या वाक्यानंतर दोन-तीन क्षण थांबावं लागायचं, म्हणजे मागाहून तिथं हसू भरता येतं. हशाला जागा ठेवा, हशाला जागा ठेवा, असं उकिडवे दिवसातून वीस वेळा ओरडायचा. माझ्या वाक्यांनंतर मी ऐसपैस जागा ठेवायची. प्रमिलाचं वाक्य संपलं रे संपलं की त्याच्या शेपटीवर माझं वाक्य. जागाच नाही, तर इक्बालभाई हसू घालणार कुठं? उकिडवेला वाटायचं, ताईंचा वेग जबरदस्त आहे. प्रमिलाला मात्र ते बरोबर कळत होतं. पण एका शब्दानं कधी बोलली नाही. सेटवर आली की आधी मला पोळी आणून द्यायची, तूप लावून. त्याचाही मला राग यायचा.

एवढं करून काय साधलं? लोक तिला बघायचे ते बघायचेच. माझ्या वाट्याला एकच गोष्ट अशी होती, जी प्रमिलाला जमली नसती. नवव्या भागातला माझा तो थांबा. श्री. इनामदार मला विचारतात, पंचवीस वर्षांत मी तुला एकदा तरी नाही म्हटलंय का? मी काही बोलत नाही. चार सेकंद नुसती त्याच्याकडे बघते. टीव्हीवर चार सेकंद म्हणजे केवढी, तुम्हाला कल्पना नाही. मग म्हणते, "म्हणायला घरी असावं लागतं." त्या चार सेकंदांवर वर्तमानपत्रात लिहून आलं. नवी मुलं मला विचारायची, ताई, एवढं थांबायचं धाडस कुठून आणलंत? मी नुसती हसायची.

खरं सांगायचं तर मी वाक्य विसरले होते. डोकं पाटीसारखं कोरं झालं होतं. मग कसं कोण जाणे, वाक्य आलं. आतून आलं, असंच मला वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये आई गेली. तीन दिवस ताप आला आणि गेलीच. प्रमिला भेटायला आली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. माझ्याच आईसाठी दुसरी बाई जास्त रडते, याचासुद्धा मला हेवा वाटला, म्हणजे बघा.

त्यानंतर दर गुरुवारी मी एकटी टीव्हीसमोर बसू लागले. विनोद ऐकायला नव्हे, विनोद माझे मलाच जुने. मी बसायची त्या उचकीसाठी. माझं वाक्य व्हायचं, हशा व्हायचा, आणि त्यात आई हसायची. नाकात दाबलेलं, मग फुटलेलं, मग उचकी, मग "अगं बाई." रंगमंचावर दिव्यांच्या झोतात उभं राहिलं की कोण कधी हसलं ते कळत नाही. टीव्हीवर मात्र ते स्वच्छ ऐकू यायचं. घरी कागद धरून बसलेली ती सपाट आवाजाची बाई खुर्चीत बसल्यावर माझ्या विनोदाला एवढी हसत होती! आठवड्यातला तो अर्धा तास मी त्याच्यावर काढायची आणि उरलेले दिवस त्या अर्ध्या तासावर.

ऑगस्टमध्ये उकिडवेनं मला बोलावलं. म्हणाला, ताई, भागाक्काची वेगळी चूल मांडायची म्हणतोय. आता या प्रकाराला स्पिनऑफ म्हणतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मालिकेतली सासू उठून आपली मालिका काढते, शेजारी काढतो, उद्या दारातलं कुत्रं काढेल. तेव्हा आमच्याकडे शब्दसुद्धा नव्हता. उकिडवेनं मला समजावलं, अमेरिकेत हे तीस वर्षांपासून चालतं, एका मालिकेतल्या पाहुणीची दुसरी मालिका, त्या पाहुणीच्या मोलकरणीची तिसरी. झाडाला फांदी फुटते तशी. मी म्हटलं, आणि झाड? तो खाली बघायला लागला. 'सौ. इनामदार' एकशे चार भागांवर थांबणार होती. माझा गुरुवार, माझे साडेआठ, तेही भागाक्काला मिळणार होते.

वर त्याला माझ्याकडून एक सीन हवा होता. भागाक्का इनामदारांचं घर सोडून निघते, सौ. इनामदार तिची ओटी भरते आणि घरातलं पोळपाट-लाटणं तिच्या हातात देते. म्हणजे प्रेक्षक माझ्या घरातून उठून तिच्या घरी जातील. वाहिनीची अटच होती, हा सीन नसेल तर पहिला भाग लागणार नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. तोंडानं म्हटलं, हो, करू की. आणि मग घसा बसला म्हणून, भाचीचं केळवण म्हणून, पाठ धरली म्हणून, आठ आठवडे तारखा पुढे ढकलल्या. उकिडवेनं बाकीचा सगळा भाग करून घेतला आणि या एका सीनपुरती जागा मोकळी ठेवली. कँटीनमधल्या त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळची तारीख शेवटची होती. त्यानंतरच्या गुरुवारी भाग लागायचा होता, किंवा लागायचा नव्हता. ते आता माझ्या हातात होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते हातात असण्यात मला मजा येत होती.

आणि त्यातच त्या दुपारी हे हसू.

कँटीनमधून निघाले ती सरळ इक्बालभाईंच्या खोलीत गेले. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली एवढीशी खोली. इक्बालभाई रत्नागिरीकडचे, साठीला आलेले, कमी बोलणारे. मी दार लावलं आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "माझ्या आईचं हसू काढा तिथून. आत्ता काढा. नाहीतर उद्या मी येत नाही."

त्यांनी कुणाचं हसू, कुठलं हसू, असं काही विचारलं नाही. चष्मा काढून पुसला.

"काढतो, ताई. आई तुमच्या. पण मग तुमच्या मालिकेतूनही काढायला पाहिजे होतं."

"माझ्या का?"

"तुमच्याकडे ते उसनं होतं. इथं आत्ता घरी आलंय."

मला कळेना. त्यांनी कपाटातून एक लांबट वही काढली. हशांची वही. पहिल्या तेरा भागांतला प्रत्येक हशा त्यांनी तिच्यात नोंदवला होता. कुठला भाग, कुणाचं वाक्य, कोण हसलं. माणसांची नावं माहीत नव्हती म्हणून त्यांनीच ठेवली होती. शिट्टीवाले काका. खोकून हसणारे. दोन कॉलेजच्या मुली. आणि एका पानावर वरती, 'शरयूताईंच्या आई'. त्याखाली सात ओळी. मी बोट ठेवून वाचत गेले. भाग पाच, भागाक्का. भाग सहा, भागाक्का. भाग आठ, भागाक्का, दोनदा. सातही ओळींना भागाक्का.

इक्बालभाई शांतपणे सांगत होते. प्रेक्षक बंद झाल्यावर साठ्यातलं सगळ्यात चांगलं हसू नायिकेच्या वाक्यांना द्यायचं, अशी पद्धतच आहे. सगळ्यात चांगलं हसू आईंचं. म्हणून ते सौ. इनामदारांना दिलं, पावणेदोन वर्षं दिलं. खोटं काही नाही, सगळीकडे असंच करतात. दर गुरुवारी मी ज्याच्यासाठी बसत होते, ते हसू प्रमिलाच्या पानातून काढून माझ्या पानात लावलेलं होतं.

मी विचारलं, "माझ्या एकासुद्धा वाक्याला हसली नाही?"

"नाही, ताई."

जरा तरी खोटं बोलायला हवं होतं त्यांनी. मी खुर्चीत बसले. मनात आलं, बरोबर आहे, ती मुलगी गोडच करते. मी आईच्या पोटातून आले आणि तिचं हसू दुसरीकडे गेलं. आईवर मी आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते, आणि चिडायला ती आता नव्हती.

इक्बालभाई वही मिटत म्हणाले, "तुमच्या वेळी त्यांचा मला वेगळाच त्रास व्हायचा. ऐकणार?" आणि त्यांनी माझ्या उत्तराची वाट न बघता एक टेप लावली.

दुसरा भाग होता. माझा आवाज लांबून येत होता, कारण माईक प्रेक्षकांच्या डोक्यावरचा. आणि अगदी जवळ, माईकच्या खालीच, एक बारीक पुटपुट चालली होती. आधी मला वाटलं टेप खराब झाली आहे. मग शब्द लागले. दूधवाला येऊन गेला, पेपरवाला येऊन गेला, तुम्ही कधी येऊन जाणार? माझंच वाक्य. माझ्याआधी अर्ध्या शब्दानं. सपाट आवाजात, किराणा मालाच्या यादीसारखं. पूर्ण सीनभर, माझं एकेक वाक्य. मधे नवरा बोलायला लागला की आवाज बंद, माझी पाळी आली की सुरू.

इक्बालभाई म्हणाले, त्यांनी माईक सरकवून बघितला, खुर्ची सरकवून बघितली. एकदा चहाच्या वेळी हळूच सांगितलंही, आजी, तेवढं बोलू नका. त्यावर आई म्हणाली, "अहो, मी कुठं बोलते?" तिला माहीतच नव्हतं. मग त्यांनी नाद सोडला आणि वाहिनीकडे जाणाऱ्या प्रत्येक भागातून ती पुटपुट पुसत बसले.

"आणि हा नववा," ते म्हणाले.

श्री. इनामदारांचा आवाज आला, लांबून. पंचवीस वर्षांत मी तुला एकदा तरी नाही म्हटलंय का? मग शांतता. एक खुर्ची करकरली. मला ती शांतता माझ्या हाडांत ठाऊक होती. माईकच्या खालून आवाज आला, "म्हणायला घरी..." आणि थांबला. कुणी काही बोललं नाही. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, घाबरलेला, "शरू, म्हणायला घरी असावं लागतं."

आणि मग लांबून मी. "म्हणायला घरी असावं लागतं."

साठ माणसं फुटली. शिट्टीवाले काका, खोकून हसणारे, कॉलेजच्या मुली, सगळी. त्यात उचकी नव्हती. माईकच्या अगदी जवळ एक मोठा श्वास सुटला, आणि बांगड्या वाजल्या, खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवलेला सोडल्यावर वाजतात तशा.

इक्बालभाईंनी टेप बंद केली. म्हणाले, "तेवढी चार सेकंदं मी साफ पुसली होती, ताई. म्हणून तुमचा थांबा एवढा शांत आहे."

त्यांनी विचारलं, मग आता काय करू? काढू ते हसू? मी उठले आणि सरळ स्टेशन गाठलं.

माझा मत्सर तिथंच गळून पडला असं समजू नका. डोंबिवलीपर्यंत तो माझ्याबरोबर आला, जेवायला बसला. फक्त आता तो दुसरंच काही बोलत होता. प्रमिलासमोर आई नुसती प्रेक्षक म्हणून बसली, पाय पसरून, निवांत. ती चुकली असती तर आईचं काही जाणार नव्हतं. माझ्या वेळी बिचारीला हसायला उसंतच नव्हती. ते मोकळं हसू मला कधी मिळणार नव्हतं आणि ते ज्या पोरीला मिळालं होतं, तिच्या वाटेत मी पावणेदोन वर्षं पाय घालत आले होते.

सकाळी मी वेळेवर पोचले. प्रमिला माझ्याआधी येऊन बसली होती, मेकअप करून. मला बघितल्यावर तिनं देवाला केल्यासारखे हात जोडले आणि तूप लावलेली पोळी आणून दिली. मी पहिल्यांदा ती सगळी खाल्ली.

सीन लागला. इनामदारांचं स्वयंपाकघर. मी तिची ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण. पोळपाट-लाटणं तिच्या हातात दिलं. कागदावर तिचं वाक्य होतं, 'येते, वहिनी.' माझं वाक्य होतं, 'ये, भागाक्का. घर तुझंच आहे.' प्रमिलानं पोळपाट काखेत धरलं, माझ्याकडे बघितलं, आणि अर्थातच कागदात नसलेलं बोलली.

"येते, वहिनी. उद्यापासून पोळ्याही तुम्हीच करणार. म्हणजे आता चौघंही शहाणे होणार."

सेटवर कुणी हसत नव्हतं. हसायचं नसतंच, आवाज येतो. मी थांबले. मनातल्या मनात आईनं हसू नाकात दाबून धरलं. अजून थांबले. फुटलं. कॅमेऱ्यामागे उकिडवे चुळबुळायला लागला. समोर भरल्या ओटीनं उभ्या असलेल्या प्रमिलाचे डोळे मोठे झाले. तिला वाटलं मी वाक्य विसरले. तिचे ओठ हलले आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं, अगदी हळू, तिनं माझं वाक्य मला सांगितलं. "ये, भागाक्का. घर तुझंच आहे."

उकिडवेनं शूटिंग थांबवलं. म्हणाला, "ताई, वाक्य विसरलात का?"

"विसरले नाही," मी म्हटलं. "हशाला जागा ठेवतेय. तो संपल्याशिवाय बोलणार नाही मी."

कोपऱ्यात इक्बालभाईंनी कानावरचा हेडफोन नीट केला. पुन्हा सीन लागला. ओटी झाली, पोळपाट झालं, प्रमिलानं तेच वाक्य म्हटलं. मी आईचं हसू फुटेपर्यंत थांबले, उचकीपर्यंत थांबले, "अगं बाई" म्हणून होईपर्यंत थांबले, आणि मग माझं वाक्य म्हटलं.